डफ शेकायला जागा

श्रोतेहो, राम राम.

आंतरराष्ट्रीय कला महोत्सव म्हटला की आपण आधी विचारतो, पाहुणे किती देशांतून आले? मी म्हणतो, ते राहू द्या. महोत्सवात जागा कुणाच्या सोयीची आणि वेळ कुणाच्या सोयीची, एवढं बघा. जागा आणि वेळ. भरवणाऱ्याची कलादृष्टी तिथंच कळते.

जपानच्या निइगाता प्रांतात एचिगो-त्सुमारी नावाचा डोंगराळ, बर्फाळ मुलूख आहे. तरणी पोरं शहरात गेलेली, घरांना कुलपं, शाळा ओस. तिथं २००० सालापासून दर तीन वर्षांनी जगभरचे कलावंत जमतात. फ्राम कितागावा या दिग्दर्शकानं एकच मोठं दालन न बांधता कलाकृती मुद्दाम दूरदूर मांडल्या. भातखाचरात, रिकाम्या घरात, बंद शाळेत. बघायचं असेल तर गावोगाव हिंडा! इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह या नावाजलेल्या जोडप्याला एका शेतकऱ्याची खाचरं हवी होती, तर तो आधी चक्क नाही म्हणाला. पुढे राजी झाला. पण जागेच्या मालकाला नाही म्हणता येतं, हे मला फार आवडलं.

आता आपल्याकडची गोष्ट. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही.

डिसेंबरची रात्र. सूत्रसंचालनाला मी. परदेशी पाहुण्यांपुढे खान्देशी कला म्हणून वहीगायनाची एक मंडळी बोलावलेली. वही म्हणजे तुम्हाला ठाऊकच, डफावर देवीची गाणी, रात्रभराचं काम. यांना दिली होती सात मिनिटं. सात! मंडळीच्या म्होरक्या बाबांना हे सांगायचं माझ्या वाट्याला आलं. सत्तरीचे बाबा, खांद्यावर उपरणं. ऐकलं, आणि म्हणाले, "सात मिनिटमा मनी देवी उठस का रे भाऊ?"

त्यात थंडीनं डफ ढिला पडलेला. शेकल्याशिवाय तो बोलत नाही. पण सभागृहात नवा गालिचा, म्हणून विस्तवाला बंदी. ढिल्या डफावरच त्यांनी नमन धरलं. थप थप, जसं काही ओल्या पोत्यावर वाजवतोय. नमन संपतंय तोच समोरचा लाल दिवा लागला. पडदा पडला, मागोमाग शाल-श्रीफळ. (या शाल-श्रीफळाचंही एकदा काहीतरी करायला हवं. माझ्याकडे अकरा शाली आहेत, एकही ऊब देत नाही.)

बाबा मुकाट्यानं मंडळी घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, गेले घरी. थोड्या वेळानं मागच्या दारानं डफ ऐकू आला, कडक, खणखणीत. जाऊन बघतो तर मोटारी लावतात तिथं लिंबाखाली जाळ केलेला. जाळायला काय, तर आमच्या गुळगुळीत कागदाच्या कार्यक्रमपत्रिका! वही अर्ध्यात सोडायची नसते म्हणून मंडळी पुरी करत होती. आणि शेजारी उकिडवा बसलेला एक परदेशी ढोलवादक. त्याला भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण डफ जाळावर कसा फिरवायचा ते कळलं होतं. जाळ मंदावला तसा तो उठला, आत गेला आणि पत्रिकांचा आख्खा गठ्ठा घेऊन आला. मागोमाग त्याची माणसं आली, मग आपले प्रेक्षक. आत अध्यक्षीय भाषण चालूच होतं.

रात्री तिथंच कुणीतरी कळण्याची भाकरी आणि भरीत आणलं. हिरव्या मिरचीचं, खरं भरीत. हल्ली त्यात टोमॅटो घालतात, त्यांच्याशी माझं बोलणं बंद आहे.

तर मुद्दा जागेचा आणि वेळेचा. कोचीच्या बिनालेनं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनानं, २०१२ साली ॲस्पिनवॉल हाउससारखी समुद्राकाठची जुनी व्यापारी वास्तू हाताशी धरली, त्या बंदराचाच इतिहास भिंतींतून बोलू दिला. आपल्याकडे तापीचा काठ आहे, अखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके आहेत, सातपुड्यातली रात्रभर चालणारी होळी आहे. बाहेरच्या कलावंताला यायचं तर तिथं येऊ दे, त्या वेळेला येऊ दे.

पुढच्या वर्षी मी बाबांना पुन्हा बोलवायला गेलो. या खेपेला वीस मिनिटं देतो म्हणालो. बाबा हसले. "आम्ही रातना नऊले बसतस. तुले बसनं व्हई ते ये."

काचेपलीकडून मला बोट दाखवताहेत. माझीही मिनिटं संपली. नमस्कार.