चंद्रकोरीपासून मागे मोजलेले सत्तर दिवस

(दृश्य: नोव्हेंबरची सकाळ. सोलापूर जिल्ह्यातील भीमेकाठचे रान. जमीन नांगरून, ढेकळे फोडून तयार आहे. पीक काहीच नाही.)

या एक एकर रानात आज काहीही उभे नाही. शेणखताचे ढीग विस्कटलेले आहेत, बांधावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली आहेत, आणि कलिंगडाचे एक रोपही अजून शेतात आलेले नाही. तरीही या रानातला माल कोणत्या आठवड्यात ट्रकमध्ये चढवायचा, हे घरात केव्हाच ठरले आहे. आधी तोडणीची तारीख पक्की करायची आणि मग तिथून मागे मोजत लागवडीपर्यंत यायचे, असा या पिकाचा हिशेब आहे.

कलिंगड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वैशाखातले ऊन, रस्त्याकडेला रचलेल्या राशी आणि कापून ठेवलेली लालभडक फोड येते. नदीच्या वाळवंटात हे पीक घेणाऱ्यांचा हंगामही तोच होता. पावसाळा सरून नदीचे पात्र उघडे पडले की वाळूत खड्डे घ्यायचे, त्यात खत-माती भरायची, बी टोकायचे आणि वाळूखालच्या ओलीवर वेल वाढू द्यायचे. विदर्भात अशा मळ्याला डांगरवाडी म्हणतात आणि फळाला टरबूज. भोई आणि ढीवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अशा वाड्या करत आली आहेत. धरणांतून अवेळी सुटणारे पाणी आणि बेसुमार वाळूउपसा यांमुळे नदीपात्रातली ही शेती आता बरीच आक्रसली आहे. कलिंगड नदीतून बाहेर पडून ठिबकच्या आणि प्लास्टिकच्या आधाराने रानात आले, तसे ते ऋतूच्या बंधनातूनही काही प्रमाणात सुटले आणि बाजाराच्या बंधनात सापडले.

या बाजारातला सर्वांत मोठा महिना रमजानचा. दिवसभराचा उपवास सोडताना पाण्याने भरलेले, गोड आणि सर्वांना परवडणारे फळ ताटात असावे, ही साधी गरज आहे. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. परंतु हा महिना एका जागी थांबत नाही. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून सण ऋतूशी जुळवून घेतले जातात. हिजरी कालगणनेत तसा महिना घातला जात नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०२० मध्ये तो आपल्याकडे २५ एप्रिलला सुरू झाला होता, २०२५ मध्ये २ मार्चला, आणि २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. सहा वर्षांत हा बाजार भर उन्हाळ्यातून थंडीच्या शेवटाला येऊन ठेपला आहे, आणि त्याच्या मागे मागे कलिंगडाची लागवडही सरकत आली आहे.

हिशेब करून पाहू. फळ फेब्रुवारीच्या मध्यावर तोडायचे असेल आणि रोप लावल्यापासून सत्तर दिवस लागणार असतील, तर लागवड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवी. सत्तर दिवसांचा हा आकडा मात्र उबदार हवेतला आहे. थंडीत वेल रेंगाळतो, दहा-पंधरा दिवस जास्त घेतो, म्हणजे रोप नोव्हेंबर संपण्यापूर्वीच रानात पडले पाहिजे. रोपवाटिकेतले पंधरा दिवस त्यातून आणखी वजा केले, तर दिवाळी उलटून पंधरवडा होतो न होतो तोच बी ट्रेमध्ये टाकावे लागते.

(दृश्य: रोपवाटिका. रोपे वाढवायचे कप्प्यांचे काळे प्रो-ट्रे, नारळाच्या काथ्याचा भिजवलेला भुसा म्हणजे कोकोपीट, तळहातावर चपटे बी.)

हे बी संकरित वाणाचे आहे. पूर्वी 'शुगर बेबी'सारख्या सरळ वाणाचे बी शेतकरी आपल्याच चांगल्या फळातून राखून ठेवू शकत असे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला 'अर्का माणिक' हाही त्याच प्रकारातला. संकरित फळातले बी पुन्हा लावले, तर तेच गुण त्याच एकसारखेपणाने उतरत नाहीत, म्हणून प्रत्येक हंगामात बी नव्याने विकत घ्यावे लागते. दोन गादीवाफ्यांमध्ये सहा फूट आणि दोन रोपांमध्ये सव्वा फूट अंतर ठेवले, तर एकरी सुमारे ५,८०० रोपे बसतात. ९८ कप्प्यांच्या साठ ट्रेंमध्ये हे सगळे शेत आज मावलेले आहे.

कलिंगड मूळचे आफ्रिकेचे. तुतनखामेनच्या थडग्यात, म्हणजे सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या दफनात, त्याचे बी सापडले आहे, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचा सर्वांत जवळचा रानटी नातेवाईक सुदानमधील कोर्दोफान भागातले कलिंगड असल्याचे दाखवले. उष्ण प्रदेशातले हे मूळ बियाने अजून सोडलेले नाही. २५ ते ३० अंश तापमानात ते चार-पाच दिवसांत उगवते. माती गार असेल तर तसेच पडून राहते आणि कुजतेही. म्हणूनच हे ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाने गुंडाळून ठेवले आहेत, की आतली ऊब आतच राहावी. येथे रोज डोकावून पाहणे आवश्यक असते. कोंब दिसू लागताच ट्रे उजेडात पसरले नाहीत, तर एका रात्रीत रोपे पांढरी आणि लांबट होतात, आणि तशी रोपे पुढे वाऱ्यात टिकत नाहीत.

तिकडे रानात गादीवाफे ओढून झाले आहेत. शेणखत आणि पायाभूत खते मातीत मिसळली आहेत, मधोमध ठिबकची नळी अंथरली आहे आणि तिच्यावर २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर ताणून त्याच्या कडा मातीने दाबल्या आहेत. चंदेरी बाजू वर आणि काळी खाली. काळ्या बाजूमुळे खाली तण उगवत नाही, आणि चंदेरी बाजूवरून परावर्तित होणारा प्रकाश मावा आणि फुलकिडे यांना गोंधळात टाकतो. लागवडीच्या आदल्या दिवशी ठिबक चालवून वाफे भिजवले जातात. चिखल चालत नाही, कोरडही चालत नाही. हवा तो वाफसा, आणि तो ओळखायला मूठभर माती दाबून पाहण्यापलीकडे दुसरे साधन येथे कोणी वापरत नाही.

रोपाला दोन पाने फुटली की ते ट्रेमधून उचलून कागदाच्या भोकात बसवले जाते. कलिंगडाच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही; कोकोपीटची गड्डी फुटली की ते रोप आठवडाभर मागे पडते. म्हणून हे काम उन्हे कलल्यावर आणि सरावाच्या हातांनीच केले जाते. या रानात ते गावातल्या बायकांनी दीड दिवसात उरकले.

(दृश्य: पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या लांबच लांब ओळी. पहाटेचे धुके.)

डिसेंबरात या भागातला पारा रात्री १५ अंशांच्या खाली उतरतो. आफ्रिकेतल्या वेलाला ही हवा मानवत नाही. बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून त्यांवर पांढरे, विरळ विणीसारखे दिसणारे कापड टाकलेले आपल्याला दिसते आहे. त्याला शेतकरी क्रॉप कव्हर म्हणतात. ते रात्रीची ऊब राखते, पण त्याहून मोठे काम म्हणजे ते फुलकिड्यांना बाहेर ठेवते. हे इवलेसे किडे पानातला रस शोषतात एवढेच असते, तर फवारणीने भागले असते. ते सोबत विषाणू आणतात. शेंडा करपतो, वेल पुढे सरकायचा थांबतो आणि झाड आहे तिथेच आखडून बसते. एकदा विषाणू शिरला की त्यावर औषध नाही. रोप उपटून रानाबाहेर नेऊन नष्ट करणे, एवढेच हाती उरते. पहिले पंचवीस दिवस झाकलेला वेल वाचला तर पुढचे पीक बहुधा वाचते. या पिकातल्या सगळ्या खर्चांत मला हा कापडाचा खर्च सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पण हे कापड कायम ठेवता येत नाही, आणि ते काढण्याचा दिवस हा या संपूर्ण हंगामातला सर्वांत नाजूक निर्णय आहे.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. आधी येतात ती नर फुले. नवख्या शेतकऱ्याला ती पाहून आनंद होतो, परंतु त्यांचे फळ होत नाही. काही दिवसांनी मादी फुले दिसू लागतात, आणि ती ओळखायला अगदी सोपी असतात, कारण पाकळ्यांच्या मागे वाटाण्याएवढे, लव असलेले कलिंगड आधीपासूनच असते. हे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात नर फुलातले चिकट पराग त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर ते बारके फळ पिवळे पडून गळून जाते. वारा हे पराग वाहून नेऊ शकत नाही. त्यासाठी मधमाशीच हवी. कापड आठ दिवस उशिरा काढले तर माश्या आत येत नाहीत. आठ दिवस आधी काढले तर फुलकिडे आत येतात.

(दृश्य: सकाळी आठ वाजता. पिवळ्या फुलावर सातेरी मधमाशी. जवळून.)

मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीचे तीन भाग दिसतात. तिन्हींवर पुरेसे पराग पडले, तर आत सगळीकडे सारखे बी धरते आणि फळ सगळ्या बाजूंनी सारखे फुगते. एका बाजूला पराग कमी पडले, तर ती बाजू दबलेली राहते, आणि व्यापारी ज्या वाकड्या फळाला बाजूला सारतो, त्याचा वाकडेपणा या एका सकाळी ठरलेला असतो. म्हणून एकाच फुलावर माशी अनेकदा येणे गरजेचे असते. रानाच्या कडेला ठेवलेल्या मधमाश्यांच्या या पेट्या त्यासाठीच आहेत, आणि याच कारणाने या दिवसांत फवारणी करायचीच झाली तर ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी केली जाते. थंडीत आणखी एक अडचण असते: सकाळ गार आणि धुक्याची असेल, तर माशी उशिरा बाहेर पडते, आणि फूल तर तिच्यासाठी थांबत नाही. रमजान एप्रिलमध्ये येत होता तेव्हा ही अडचण कोणाला ठाऊकही नव्हती.

फळ धरल्यावर, ज्याला येथे सेटिंग म्हणतात, प्रत्येक वेलावर एक किंवा दोन चांगली फळे ठेवून वेडीवाकडी काढून टाकली जातात. येथून पुढे वेल दिवसागणिक फुगवण दाखवतो. खतेही बदलतात (त्यांच्या नावांतले आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण सांगतात): सुरुवातीचे १९:१९:१९ मागे पडते, कळीच्या वेळचे १२:६१:०० संपते, फळ पोसताना ००:५२:३४ आणि अखेरीस गोडीसाठी पालाशयुक्त ००:००:५० ठिबकमधून सुटते. पाण्याची शिस्त मात्र खतांहून महत्त्वाची आहे. दोन दिवस ताण देऊन तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी सोडले, तर आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि फळ जागेवरच तडकते. फळमाशीसाठी कामगंध सापळे टांगलेले आहेत. केवडा आणि भुरी या पानांवरच्या रोगांवर रोज नजर आहे.

फेब्रुवारी उजाडला. आता प्रश्न एकच: फळ आतून तयार आहे का?

आंबा उतरवून अढीत पिकवता येतो. कलिंगडाला ती सवलत नाही. देठापासून तुटल्यावर त्याची गोडी वाढत नाही, म्हणून घाईने तोडलेले फळ कायमचे फिके राहते. फळाच्या देठाजवळचा कुरळा तणावा वाळला आहे का, हे प्रथम पाहतात. मग फळ किंचित उचलून जमिनीला टेकलेला भाग तपासतात; तो पांढरट असेल तर थांबायचे, लोण्यासारखा पिवळसर झाला असेल तर फळ तयार आहे. शेवटी बोटाने टिचकी. कच्चे फळ टणटणीत वाजते, पिकलेल्याचा आवाज भरीव आणि बसका येतो. व्यापारी मात्र एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. तो रानात चार ठिकाणची फळे फोडतो, रसाचा थेंब गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतो आणि आकडा अकराच्या पुढे गेला की बोलणी सुरू होतात.

या लाल रंगाबद्दल दर उन्हाळ्यात एक अफवा फिरते, की तो सुईने टोचून भरलेला असतो. सुईने टोचलेले फळ त्याच भोकातून नासू लागते, आणि बाहेरून घातलेला रंग अख्ख्या गरात सारखा पसरत नाही. हा रंग टोमॅटोत असतो त्याच लायकोपीनचा आहे. ज्याने ऐंशी-पंच्याऐंशी दिवस वेल सांभाळला, त्या शेतकऱ्याचे एका खोट्या चित्रफितीने होणारे नुकसान कोणत्याही किडीच्या तोडीचे असते.

(दृश्य: तोडणी. माणसांची रांग. फळे हातोहात ट्रकपर्यंत.)

देठाचा दोन बोटे तुकडा ठेवून फळ कापले जाते आणि ते कोठेही न आपटता हातोहात पुढे जाते. ट्रकच्या तळाशी वाळला पाला अंथरलेला आहे. तीन किलोंच्या वरची फळे वेगळी, लहान वेगळी. सौदा जागेवरच झालेला आहे. संध्याकाळपर्यंत गाडी वाशीच्या बाजाराकडे निघेल. पहिल्या तोड्यात बहुतेक माल जातो, आठ-दहा दिवसांनी दुसरा तोडा होतो आणि वेल संपतात.

सगळे बरोबर करूनही हिशेब चुकू शकतो, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एप्रिलच्या बाजारासाठी धरलेली कलिंगडे वेलावर तयार होत होती. वाहने थांबली, बाजार बंद झाले. काहींनी ट्रॅक्टर घेऊन गावोगाव आणि शहरांतल्या सोसायट्यांच्या दारात फळे विकली, काहींनी ती जनावरांपुढे टाकली. तारीख अचूक होती, पण रस्ता उरला नव्हता.

तोडणी आटोपल्यावर रानात मल्चिंग पेपर गोळा करण्याचे कंटाळवाणे काम उरते. त्याचे तुकडे मातीत राहिले तर वर्षानुवर्षे राहतात. मर रोगाची बुरशीही जमिनीत अशीच टिकून असते, म्हणून पुढच्या हंगामात कलिंगड या तुकड्यात येणार नाही. ते ओढ्यापलीकडच्या रानात जाईल.

त्या रानाची तारीखही ठरली आहे. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल. तेथून मागे मोजले, तर लागवड नोव्हेंबरच्या मध्यावर येते, आणि २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. बी ट्रेमध्ये पडेल ते या वेळी दिवाळीच्या आधी, परतीच्या पावसाची ओल रानातून पुरती जाण्यापूर्वी.