हिरडस मावळातला जुलै

[दृश्य: धुकं, ओला डांबरी रस्ता, भाताची खाचरं. पावसाचा आवाज चालू.]

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने वरंध घाटाकडे चढत जातो. हा हिरडस मावळ. भोर शहरात रिमझिम असते, तेव्हा इकडे धो धो कोसळत असतं. या रस्त्याच्या आतल्या अंगाला जिल्हा परिषदेची एक उच्च प्राथमिक शाळा आहे. सहावी, सातवी, आठवी. जूनमध्ये पुस्तकं वाटून झाली, मागच्या वर्षीची उजळणी झाली, आणि आता जुलैत अभ्यासाने वेग घेतलाय.

या महिन्यात ही मुलं नेमकं काय शिकतात, ते पाहायला आम्ही इथे आलो. वेळापत्रकात विषय आठ-नऊ आहेत. पण चार दिवस मुलांमध्ये बसल्यावर आमचं मत असं झालं, की या शाळेत जुलैत एकच विषय शिकवला जातो आणि तो म्हणजे पाऊस. तास बदलतो, बाई जातात, सर येतात, पाऊस तोच राहतो.

[दृश्य: सकाळचा रिकामा व्हरांडा. दोन मुली मैदानाच्या कोपऱ्यातल्या पर्जन्यमापकाकडे जातात.]

सकाळचे साडेआठ. शाळा भरायला अजून वेळ आहे, तरी सातवीच्या दोघी आल्या आहेत. पाऊस मोजायची वेळ हीच, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं.

यांचा पर्जन्यमापक म्हणजे पाण्याची सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा आत बसवलाय. बाटलीचा तळ खालून उंचवटा असलेला असतो, त्यामुळे तिथून मोजलं तर आकडा चुकतो. म्हणून तळ बुडेल इतकं पाणी आधीच घालून तिथे शून्याची खूण केली आहे. बाहेरून पट्टी चिकटवली आहे. एक जण गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणते. काठाला पाणी जरा वर चढलेलं दिसतं, मध्ये खोलगट असतं. आकडा घ्यायचा तो खोलगट भागाचा.

“बहात्तर.”

दुसरी वहीत लिहिते. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत.

बहात्तर मिलीमीटर. आता गणिताचा तास. सर फळ्यावर चौकोन काढतात: एक मीटर लांब, एक मीटर रुंद. त्यावर एक मिलीमीटर पाणी साचलं तर ते भरतं बरोबर एक लिटर. मग ते विचारतात, “आपल्या खाचरात किती?” मुलांच्या घरी जमीन मोजली जाते ती गुंठ्यात. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. बहात्तर गुणिले एकशे एक, म्हणजे एका गुंठ्यावर एका दिवसात सात हजार लिटरच्या वर पाणी. मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, आमचं दहा गुंठ्याचं खाचर आहे. बहात्तर हजार!” वर्ग गप्प होतो. आपल्याच रानात पडलेलं पाणी त्यांनी पहिल्यांदा मोजलेलं असतं.

हा आकडा घरातही कामाचा आहे. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, 65 मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरतात, आणि पीक गेलं तर पंचनामे, नुकसानभरपाई हे सगळं त्या नोंदीवर अवलंबून असतं. आईवडील ज्या आकड्याची वाट बघतात, तो कसा मोजतात हे लेकीला येतं. गणित कशाला शिकायचं, हा प्रश्न या वर्गात आम्हाला कुणी विचारला नाही.

[दृश्य: सहावीचा वर्ग. फळ्यावर स्तंभालेख.]

सहावी याच आकड्यांचा स्तंभालेख काढते. स्वयंपाकघराकडून भाताचा वास येतो आहे. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीसाठी मुलामागे रोज 150 ग्रॅम तांदूळ असतो. चाळीस मुलं आली तर किती? सहा किलो. हे उत्तर तोंडीच येतं.

[दृश्य: खाचर. चिखलात वाकलेल्या बाया. बांधावर सातवीची मुलं.]

शनिवारी अर्धी शाळा. सातवी बांधावर आली आहे. दोरीवर आळीपाळीने पंचवीस आणि पंधरा सेंटीमीटरवर खुणा बांधल्या आहेत. ही चारसूत्री पद्धतीची नियंत्रित लावणी. पंधरा सेंटीमीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार चूड, म्हणजे रोपांचे जुडगे, लावायचे आणि त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, बोटांनी खोल दाबायची. खत वरून फेकलं की पावसाबरोबर वाहून जातं, चिखलात दाबलं की मुळांशी राहतं.

मुलं हिशेब मांडतात. पंचवीस आणि पंधराची सरासरी वीस. म्हणजे वीस बाय वीस सेंटीमीटरला एक चूड, एका चौरस मीटरला पंचवीस, गुंठ्याला अडीच हजारांच्या आसपास. शेजारच्या खाचरात लावणी करणारी एक आजी हे ऐकून कंबर सरळ करते. “अडीच हजार? मग माझी कंबर दुखंल न्हाई तर काय व्हईल!”

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लावणीच्या दिवसांत वर्गात बाकं रिकामी दिसतात, विशेषतः आठवीतल्या मुलींची. शेतात मुलं खूप शिकतात हे खरंच, आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. पण तेवढ्यावर समाधान मानायला आमचं मन तयार नाही. आठवीचे घातांक, समांतर रेषा आणि छेदिका हे घटक याच आठवड्यांत होतात, आणि ते सुटले की नववीत त्यांच्यावाचून अडतं. इथल्या बाई संध्याकाळी वाड्यावस्त्यांवर जाऊन सुटलेला भाग सांगतात. हे काम कुठल्याही तक्त्यात भरलं जात नाही. ते भरलं जावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: विज्ञानाचा तास. खिडकीतून येणारा उजेड, काचेचा पेला, भिंग.]

आठवीच्या विज्ञानात सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण आहे. रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 साली मांडलेली, सजीवांचे पाच गट करणारी पंचसृष्टी पद्धत पुस्तकात आहे, आणि तिच्यातले प्रजीव, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, शाळेमागच्या डबक्यात आहेत. थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतलं. सूक्ष्मदर्शक एकच, म्हणून रांग. एकाला पॅरामेशियम दिसला, तो हटेनाच.

पुढचा घटक आरोग्य आणि रोग. नारळाच्या करवंटीतलं पाणी पेल्यात ओतलं आहे. आत वळवळणाऱ्या अळ्या. भिंगातून दिसतं की त्या डोकं खाली करून, शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तिरप्या लटकतात. हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाची अळी अशी लटकत नाही, ती पाण्याला समांतर आडवी राहते. डेंग्यूच्या एडिस डासाला साचलेलं स्वच्छ पाणी चालतं, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस. कारण कळल्यावर मुलांनी घरी जाऊन पिंपं उपडी केली. गुळगुळीत झालेले जुने टायर हलवायला मात्र दोन घरांनी नकार दिला.

[दृश्य: भूगोलाचा तास. जमिनीवर खडूने काढलेला नीरेचा नकाशा.]

आठवीच्या भूगोलात आर्द्रता आणि ढग. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं पाणी उरत नाही. हे वाचून पाठ करता येतं. पण इथे एका मुलीने आपल्या आत्याचं गाव फलटणकडे असल्याचं सांगितलं. “तिकडं आत्ता धूळ उडती, बाई.” पर्जन्यछाया हा शब्द त्यानंतर बाईंनी लिहिला.

मग सगळे मिळून जमिनीवर नदी काढतात. इथलं पाणी नीरा-देवघरात. शेजारच्या खोऱ्यातलं येळवंडीचं पाणी भाटघर धरणात, जे 1928 साली बांधून झालं. दोन्ही पुढे वीर धरणात. तिथून कालव्यांनी बारामती, फलटण, इंदापूर, माळशिरसच्या उसाला. उरलेली नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते.

सातवीच्या इतिहासात नेमकी संतांची कामगिरी चालू आहे. आळंदीहून निघालेली पालखी लोणंदला पोचण्याआधी माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. मुलांनी खडूच्या नदीवर बोट ठेवून जागा शोधली. आपल्या डोंगरावर पडलेलं पाणी माउलींना जातं, हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, “मग आपण घाण नको टाकायला.” पर्यावरणाचा पाठ अजून यायचा होता.

[दृश्य: वरंध घाटातलं धुकं. भिंतीवर पन्हाळा ते विशाळगड असा हाताने काढलेला नकाशा.]

13 जुलैला शाळेत वेगळी तयारी असते. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून निघाले ती 12 जुलैची रात्र, आणि घोडखिंडीतली लढाई दुसऱ्या दिवशीची. खिंड लढवणारे बांदल इथलेच, हिरडस मावळचे देशमुख. बाजीप्रभू याच मावळचे देशपांडे. वर्गात बांदल आडनावाची मुलं आहेत. पण सर त्यांना नुसता जयघोष करू देत नाहीत. पन्हाळा ते विशाळगड अंतर साठेक किलोमीटर. आषाढाचा पाऊस, रात्र, चिखल, पालखीचं ओझं. “तुम्ही शाळेला येताना अर्ध्या तासात किती चालता?” त्या उत्तरावरून वेग निघतो, वेगावरून तास. हिशेब करता करता मुलांचे चेहरे बदलतात. शौर्य किती होतं, ते त्यांना पायांतून समजतं.

हाच महिना दुसऱ्या तारखाही आणतो. 30 जुलै 2014, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. 22 जुलै 2021, महाड तालुक्यातलं तळिये. 19 जुलै 2023, खालापूरजवळची इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी डोंगर खाली आला. आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ शिकवताना सर घाबरवत नाहीत, खुणा सांगतात: उतारावर नव्या भेगा, तिरपी झालेली झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं. दिसलं की आधी घरी सांगायचं, मग पोलीस पाटलांना. डोंगराच्या कुशीतल्या प्रत्येक शाळेत हा पाठ पुस्तकातल्या क्रमाची वाट न पाहता जुलैच्या आधी झाला पाहिजे, असं आमचं ठाम म्हणणं आहे.

मराठी, हिंदी, इंग्रजीचे तास होतात, कविता पाठ होतात. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बाई वाचन थांबवतात, कारण ऐकूच येत नाही. मग सगळे लिहितात.

[दृश्य: मैदान. सातवीची मुलं उभी काठी रोवताहेत. आभाळ भरलेलं.]

महिना संपत आलाय. सातवीला भूगोलात ऋतुनिर्मिती आहे. भोर परिसरात वर्षातून दोनदा सूर्य भर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यातली दुसरी वेळ जुलैच्या शेवटच्या एक-दोन दिवसांतली, दुपारी 12 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास. काठी ओळंब्याने सरळ केली आहे. पाच-पाच मिनिटांनी खूण करायला मुलं वाटून दिली आहेत. ऊन पडलं नाही, तर ही नोंद पुढच्या मे महिन्यात, 12 तारखेच्या आसपास, साडेबाराला प्रत्येकाने आपापल्या अंगणात घ्यायची. सुट्टीतला अभ्यास म्हणून तो आत्ताच वहीत लिहून झाला आहे.