फवारणीची बाटली उचलण्याआधी पान उलटून बघा

(हातात जास्वंदीची फांदी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

नमस्कार. ही फांदी बघा. वरून पानं कशी हिरवीगार, तकतकीत आहेत. आता हेच पान उलटं करते. मधल्या शिरेला चिकटून कापसाचे बारीक पुंजके दिसतायत? हा पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. हा काही आज सकाळी आलेला नाही. बरेच दिवस इथे रस पीत बसलाय आणि आपण रोज वरून पाणी घालून पुढे जातोय.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं काढून पानं उलटून बघायची. कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ, फांदीला पान फुटतं ती बेचकी, सगळं बघायचं. कीड दिसण्याआधी तिची खूण दिसते. पान हाताला चिकट लागलं, त्यावर काजळी धरली किंवा खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, की समजायचं, वर कोणीतरी रस पितंय. मावा ही बारीक, मऊ अंगाची कीड आणि मिलीबग गोड चिकट द्राव सोडतात. मुंग्या तो खायला येतात आणि बदल्यात या किडींची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. त्यामुळे मुंग्यांचा रस्ता बंद केल्याशिवाय मावा हटत नाही. खोडाला कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर बाहेरून ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर मात्र लावू नका.

आता मावा. (मिरचीच्या रोपाचा शेंडा दाखवत) हे हिरवे ठिपके जवळून बघा, प्रत्येकाला पाय आहेत. उबदार हवेत माव्याच्या माद्यांना नर लागतच नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. आठवडाभरात ते पिल्लू स्वतः पिल्लं द्यायला लागतं. ‘रविवारी बघू’ म्हणून टाळलं, तर रविवारपर्यंत अख्खा शेंडा भरलेला असतो.

पण इथे लगेच औषध लागत नाही. शेंडा एका हातात धरा, दुसऱ्या हाताने खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मऊ अंगाचा मावा गळून पडतो आणि सहसा परत चढू शकत नाही. तीन-चार दिवस रोज हेच करा. बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

मिलीबगवर पाण्याचा तेवढा परिणाम होत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो. थोडेच असतील तर कापसाचा बोळा ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेकाला पुसून काढा. आधी एकाच पानावर लावून दुसऱ्या दिवशी ते पान बघा. करपलं नसेल तरच पुढे जा. फार पसरले असतील तर ती फांदी सरळ छाटा आणि पिशवीत बंद करून टाका. छाटलेली फांदी कुंडीशेजारी ठेवली, तर ते चालत परत येतात.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मागे माझ्या जास्वंदीवर पांढरे पुंजके दिसले, तेव्हा मी ब्रश घेऊन सगळे चिरडून टाकले. त्यातले काही मोठे होते आणि भराभर चालत होते. मला वाटलं, हे मोठे झालेले मिलीबग असतील. ते मिलीबग नव्हते. त्या क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या. त्याही अंगावर पांढरी मेणाची झालर घेऊन फिरतात आणि मिलीबगच खातात. याच कामासाठी हा भुंगेरा १८९१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून मुद्दाम कॅलिफोर्नियात, लिंबूवर्गीय फळांच्या बागांसाठी नेला होता. आणि तो आपणहून माझ्या कुंडीत आला, तर मी त्याला मारून टाकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ओळख पटल्याशिवाय चिरडू नका. पांढरा किडा आकाराने मोठा, लांब झालरीचा आणि चपळ असेल तर राहू द्या. काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी माव्यात फिरत असेल, तर ती लेडीबर्डची आहे. एकेक अळी शेकडो मावा फस्त करते. तिला हात लावू नका.

आता नीम तेल. ते पाण्यात विरघळत नाही. नुसतं ओतलं तर वर तरंगतं, आणि मग एका पानावर तेलच तेल, दुसऱ्यावर नुसतं पाणी. आधी थोड्या कोमट पाण्यात १-२ मिली सौम्य लिक्विड सोप मिसळा, त्यात ५ मिली नीम तेल घालून ढवळा. दुधासारखं झालं की एकूण १ लीटर होईल एवढं पाणी घाला. त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळीच करा. उन्हात तेलाने पानं करपतात, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. पानाच्या खालच्या बाजूला नीट बसलं पाहिजे. नीम झटक्यात मारत नाही. किडींचं खाणं कमी होतं आणि त्यांना नीट कात टाकता येत नाही. अंडी मात्र वाचतात, म्हणून ५ ते ७ दिवसांनी पुन्हा फवारा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही.

गरम, कोरड्या हवेत पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आले, तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. (कागद जवळून दाखवत) पडलेले कण चालायला लागले, तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे किडे मरतात आणि तो आणखी वाढतो. पानांना खालून रोज पाणी मारत राहा.

अळ्यांसाठी सोपं आहे. पानावर काळी बारीक विष्ठा दिसली, की तिच्या बरोबर वरचं पान बघा. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा. मातीतून बारीक माश्या उडत असतील तर पाणी जास्त होतंय, वरची माती कोरडी होऊ द्या.

आणि खत जपून घाला. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी फुटते, माव्याला तीच आवडते. नवीन रोप आणलं की दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. हे जास्वंदीचं रोपही आता तिकडे कोपऱ्यात जाईल. चला, मी बोळा घेते.