बोटाच्या थेंबातून व्हिटॅमिन डी
(खानापूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी चिठ्ठी आली आहे. "आशाताई बोट टोचून साखर सांगतात, मग व्हिटॅमिन डीसाठी बेळगावला जाऊन बाटलीभर रक्त कशाला द्यायचं?" बाटलीभर नाही हो, चार-पाच मिलिलिटर. पण प्रश्न रास्त आहे. कणकुंबीच्या बाईचा त्यापायी दिवसाचा रोजगार बुडतो.

शिरेतलं रक्त यंत्रात फिरवून सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं करायचं, ते थंड ठेवून पाठवायचं, एवढी यातायात असते. कागदावर वाळलेल्या थेंबाला यातलं काहीच लागत नाही. ही युक्ती जुनीच. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेचा थेंब गाळणकागदावर घेऊन आजार हुडकायला सुरुवात केली. डीचं जे रूप आपण मोजतो, 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, ते चिवट असतं, वाळलेल्या डागात टिकतं. पाकीट पोस्टाने गेलं तरी चालतं. प्रयोगशाळेत त्या डागातून तीनेक मिलिमीटरची टिकली कापतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजतात.

सगळी मेख थेंब घेण्यात आहे. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. मधल्या बोटाला किंवा अनामिकेला टोकाच्या जरा बाजूला टोचा, पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका, पिळलं की आतलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. एकच टपोरा थेंब गाळणकागदाच्या कार्डावरच्या वर्तुळात पडू द्या, तो कार्डाच्या मागून दिसला पाहिजे. थेंबावर थेंब चढवायचा नाही. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास. पापडासारखं उन्हात टाकायचा मोह होईल, टाकू नका. आणि आषाढात जिथे बरणीतलं मीठ पाझरतं, तिथे रात्रभर वाळू द्या, पाकिटात सिलिका जेलची पुडी घाला.

एक गोम मात्र जाहिरातीत सांगत नाहीत. डी असतं प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पाण्यासारख्या भागात; तांबड्या पेशींत जवळजवळ नाहीच. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, तिच्या थेंबात प्लाझ्मा जास्त, म्हणून आकडा फुगू शकतो. शिवाय पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं, तो घोळ निराळाच. आपल्याकडे पांडुरोग घरोघरी आहे, तेव्हा त्याच दिवशी हिमोग्लोबिनही बघा.

रिपोर्टवर एकक आधी वाचा. मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरला 50 नॅनोमोल. त्याच्या खाली गेलं तर बहुतेक डॉक्टर कमतरता म्हणतात. शिबिरात सरसकट सगळ्यांची बोटं टोचायला माझा विरोध आहे. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनेही 2024 मध्ये धडधाकट माणसांची नेहमीची तपासणी नको असंच म्हटलं. निपाणीत दिवसभर छपराखाली विड्या वळणारी बाई हाडं दुखतात म्हणत आली, तर तिची जरूर करा.

आणि ती व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी. आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच. काहीजण वर्षभर घेतात, मग रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर येतं. पुडी चालू असेल तर कधीपासून, ते कार्डासोबतच्या कागदावर लिहा, आणि फेरतपासणी तीन महिन्यांच्या आत करू नका.