टोक नसलेला चाकू

(सोलापूर परिसरात अपघाताच्या वेळी मदतीला धावणाऱ्या मंडळींसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर अग्निशमन दलातली माणसं आहेत, अॅम्ब्युलन्सवाले आहेत, मोहोळ-टेंभुर्णीकडचे ढाबेवाले आणि क्रेनवाले आहेत. मागं मंडळाची पोरं उभी आहेत. या की पुढं, खुर्च्या रिकाम्या आहेत.

चाकू हा विषय ऐकून पोरं जास्त आली असणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच तुमची निराशा करतो. मोबाइलवर जो चाकू बघून हात शिवशिवतात, काळं पातं, पुढं सुईसारखं टोक, मागं करवतीचे दात, तो आपल्या कामाचा नाही. बचावकार्यातला चाकू दिसायला बावळट असतो. त्याला टोकच नसतं.

का नसतं ते बघा. पुणे-हैदराबाद रस्त्यावर, आपला ६५ नंबरचा महामार्ग, गाडी दुभाजकावर चढून उलटी झालीय. ड्रायव्हर पट्ट्यात उलटा लोंबकळतोय. बकलचं लाल बटण दाबून बघायचं, हे पहिलं काम. पण अंगाचा सगळा भार पट्ट्यावर आला की बटण दाबलं तरी बकल सुटेलच असं नाही. मग पट्टा कापायचा. आता हात घालून बघा: पट्टा छातीत इतका रुतलेला असतो की मध्ये बोट शिरत नाही. वर मान, बाजूला गळ्याचं हाड. तुमचा हात घामानं ओला, हातमोजा रक्तानं बुळबुळीत, आणि माणूस वेदनेनं हलतोय. तिथं टोकदार पातं घातलंत तर आधी काय कापलं जाईल?

म्हणून बोथट, गोल नाकाचं पातं. ते कातडीला लागून सरकतं, घुसत नाही. त्याहून बरा तो आकडा, पट्टा कापायचा हुक. त्याची धार आतल्या बाजूला, बोटही जाणार नाही अशा खाचेत असते. पट्टा त्यात अडकवायचा आणि तिरका ओढायचा. सरळ आडवा ओढलात तर कापड गोळा होऊन खाचेत बसतं, तिरकं ओढलं की धारेला एका वेळी थोडंच कापड भेटतं. उलट्या गाडीत पट्टा ताणलेलाच असतो, झटकन तुटतो. गाडी सरळ उभी असेल तर दुसऱ्या हातानं पट्टा ताणून धरा. सैल पट्टा कापणं महाकठीण.

आणि कापायच्या आधी, हे विसरू नका, खाली कोणीतरी खांदा लावलेला पाहिजे आणि एकानं डोकं-मान धरलेली पाहिजे. पट्टा सुटला की माणूस डोक्यावर पडतो. अपघातात वाचलेली मान मदत करणाऱ्याच्या हातून मोडायला नको.

आता धारेचं. साधी धार की दातेरी, यावर हौशी लोक रात्ररात्र वाद घालतात. तुम्ही शेतकऱ्याला विचारा. मंगळवेढ्याकडं ज्वारी काढताना वैभव विळा वापरतात, त्याला बारीक दाते असतात. तो साध्या विळ्यासारखा पुन्हापुन्हा घासावा लागत नाही, ताटाला धरून कापतो. सीटबेल्टचं कापड म्हणजे पॉलिएस्टरचे धागे घट्ट विणलेले, रुंदी पाच सेंटीमीटरच्या आसपास. दोरही तसाच, धाग्यांचाच. साधी धार जरा मऊ झाली की त्यावरून घसरते, दाते मात्र धागे पकडतात. ज्याला दर पंधरवड्याला चाकू दगडावर घासायची शिस्त आहे त्यानं साधी धार घ्यावी, त्याचं काम त्यात छान होईल. बाकीच्यांनी, म्हणजे आपण बहुतेकांनी, दातेरी घ्यावी. अर्धी साधी अर्धी दातेरी असंही मिळतं, पण तीन इंचांच्या पात्यात दोन्ही अर्धवटच राहतं असं माझं मत आहे.

पोलादाबद्दल फार डोकं पिकवू नका. खोक्यावर कडकपणाचा आकडा लिहितात, रॉकवेल ५६ ते ६०. आकडा चढला की धार टिकते, पण पातं ठिसूळ होतं, आणि अपघातात कोणीतरी त्याच चाकूनं दार उचकटायला जातोच. आपल्याला थोडं मऊ चालेल, गंज मात्र नको. डी२ नावाचं पोलाद हल्ली स्वस्तात मिळतं. धार उत्तम टिकते, पण ते पुरतं स्टेनलेस नाही, ओलं राहिलं की डाग धरतं. ४४०सी त्यापेक्षा गंजाला बरं. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात किंवा उजनीच्या फुगवट्यात पाण्याचंच काम असेल, तर एच१सारखं नायट्रोजनचं पोलाद बघा. ते जवळजवळ गंजत नाही, पण महाग पडतं.

घडीचा घ्यायचा की म्यानातला? घडीचा खिशात बसतो, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. त्याचं लॉक मात्र तपासून घ्या. पातं उघडा, बोटं घडीच्या वाटेतून बाजूला ठेवा, आणि पात्याची पाठ टेबलावर दाबा. जरा जरी मिटायला लागलं तर दुकानदाराला परत द्या. जाड हातमोजा घालून एका हातानं उघडता येतो का तेही तिथंच बघा. आणखी एक अडचण कोणी सांगत नाही: घडीच्या सांध्यात रक्त शिरतं. वापरल्यावर आधी साबणानं धुवायचा, मग ०.५ टक्के हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा. हे पाणी पोलाद खातं, म्हणून लगेच साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचा थेंब. सांध्यात पाणी राहिलं की आतून गंज. अग्निशमन दलातल्यांना मी म्यानातलाच सुचवीन. उघडायची भानगड नाही, धुवायला सोपा.

मूठ लोखंडी नको. वैशाखात डॅशबोर्डवर ठेवलेली धातूची वस्तू आपल्याकडं हातात धरवत नाही. प्लॅस्टिकची खरबरीत मूठ, भगवी किंवा पिवळी. काळी मूठ रात्री चारीतल्या गवतात पडली की गेली.

काचेचं सांगतो. चाकूच्या शेपटाला टंगस्टन कार्बाइडचा टोचा असतो. दाराच्या काचेला कोपऱ्यात मारला की सगळी काच खडीसाखरेसारखी दाणेदार फुटते. पुढची काच मात्र दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पडदा घालून केलेली असते. तिला कितीही टोचा, तडे जातील, भोक पडणार नाही. ती करवतीनं कापावी लागते. व्हिक्टोरिनॉक्सच्या रेस्क्यू टूलमध्ये त्यासाठी वेगळी करवत दिलेली असते. काही नव्या गाड्यांत दाराची काचही तशीच येते, तेव्हा टोच्यानं फुटली नाही तर मारत बसू नका, दुसरी काच बघा. फोडताना आतल्या माणसावर चादर टाका. सोलापुरात चादर कुठून आणायची, असं कोणी विचारू नये!

विहिरीवरच्या कामाला एकच ताकीद. भार आलेल्या दोराला नुसतं पातं टेकलं तरी तो तुटतो. गळ ओढायला दहा माणसं आणि त्यांच्या मध्येच कोणीतरी उघडा चाकू घेऊन उभा, हे चित्र मला नको. गरज पडेपर्यंत चाकू म्यानात, म्यान छातीवर, आणि चाकूला बारीक दोरी बांधलेली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागात पदर किंवा ओढणी गुंतते, मोटारसायकलच्या चाकातही गुंतते. तिथं आधी मेन स्विच, आधी इंजिन बंद. मग कापायला चाकूपेक्षा अॅम्ब्युलन्समधली वाकडी कात्री भारी. खालचं पातं बोथट, जीन्सही कापते, काहीशे रुपयांत मिळते. खरं सांगायचं तर कंबरेला कात्री आणि हुक असला की दहातली बरीच कामं चाकू न काढता होतात. कोणाचं बजेट तोकडं असेल त्यानं याच दोन वस्तू घ्याव्यात, चाकू पुढच्या वर्षी.

कायद्याचंही विचारलंय एकानं चिठ्ठीवर. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत येतो, घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची हत्यारं सोडून. आपल्याला तीन-चार इंचांच्या वर लागतच नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की लहान चाकूवरूनही विचारणा होऊ शकते. गड्ड्याच्या जत्रेत खिशात चाकू घालून मिरवू नका. तो किटमध्ये, ओळखपत्राबरोबर राहू दे.

आता त्या टेबलाकडं चला. भंगारातून आणलेले सीटबेल्ट खुर्च्यांना बांधलेत, शेजारी साबणाच्या पाण्याची बादली आहे. हातमोजा घालून हात त्यात बुडवायचा, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि डाव्या हातानं कापायचं. दोघंदोघं या. हुक, दातेरी, साधा, तिन्ही करून बघा. कोणता विकत घ्यायचा ते मग मला विचारा.