शॉडी: एका प्रामाणिक कापडाची बदनामी

(पानिपत. सकाळ. गिरणीच्या फाटकावरचा रंगवलेला बोर्ड.)

पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 आठवतं. आज मात्र आपण इथल्या गिरण्या बघायला आलोय. हा बोर्ड वाचा. ‘शॉडी स्पिनर्स’. ऑफिसात साहेब फाईल आपटून “काय हे शॉडी काम!” म्हणतात, तोच हा शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ निकृष्ट. इथे मात्र ते मालाचं नाव आहे, जुन्या लोकरी चिंध्या पिंजून केलेल्या सुताचं आणि कापडाचं, आणि मालकानं ते मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय.

(गोदाम. छताला टेकलेले कपड्यांचे ढीग. बायका कामाला बसलेल्या.)

युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर, मफलर कंटेनर भरभरून येतात. ते पुन्हा कुणी अंगात घालू नयेत, म्हणून आधीच त्यांवर काप मारलेले असतात.

(जवळून: हात आणि पातं.)

या ताईंचे हात बघा. विळीसारखं उभं पातं समोर रोवलेलं. कोट उलटा केला, पात्यावर धरला आणि खसकन ओढला, की अस्तर वेगळं. बटणं टपाटप खाली. मग चेन, लेबल, कॉलरमधलं कडक कापड. उरते ती निव्वळ लोकर. ढीग रंगाप्रमाणे लावायचे. लाल लालात, करडा करड्यात. रंग मुळातच आहे, त्यामुळे पुन्हा रंगवायचा खर्च नाही आणि त्यासाठी लागणारं पाणीही नाही. पुढे दातेरी रूळ या कापडाचे पुन्हा तंतू करतात. फाडल्यामुळे तंतू आखूड होतात. म्हणून त्यांत लांब तंतूंची भर घालायची, आणि मग कताई, विणाई, ब्लँकेट.

(जुनी छायाचित्रं. धुराडी, दगडी वखारी.)

ही विद्या इंग्लंडची. यॉर्कशरमधलं बॅटली गाव, साल 1813. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, लोकर महागली होती. बेंजामिन लॉ या कापडवाल्यानं लोकरी चिंध्या पिंजल्या, त्यांत नवी लोकर मिसळली आणि सूत कातून दाखवलं. कामाच्या ओघात गळून पडणाऱ्या लोकरीला शॉडी म्हणत असावेत, असं कोशकारांना वाटतं. तेच नाव या मालाला पडलं. त्यात शिवी नव्हती. पुढे शिंप्यांकडच्या घट्ट कापडाची कात्रणंही पिंजता येऊ लागली. तो माल ‘मंगो’. शेजारच्या ड्यूसबरीच्या रेल्वे स्टेशनात चिंध्यांचे लिलाव व्हायचे आणि युरोपभरची जुनी वस्त्रं तिथे येऊन पडायची. जे कापड गरिबाला परवडत नव्हतं, ते या धंद्यानं त्याच्या अंगावर घातलं.

(अंधारी शेड. मेणबत्त्या. गुलाबी देठं.)

आणि हे दृश्यही शॉडीचंच. ज्याचं सूतसुद्धा होत नाही असा भुगा यॉर्कशरच्या शेतकऱ्यांनी खत म्हणून नेला. लोकरीतला नायट्रोजन जमिनीत सावकाश सुटतो. त्या मातीत वेकफिल्डच्या आसपास रुबार्ब पोसला गेला. ही आंबट देठांची भाजी. तिथे हिवाळ्यात तिचे गड्डे काळोख्या शेडमध्ये आणून लावतात आणि देठं मेणबत्तीच्या उजेडात काढतात. उजेड जास्त झाला तर देठांचा कोवळेपणा जातो. कोटापासून भाजीपर्यंत, या धंद्यानं काही वाया जाऊ दिलं नाही. मग त्याचं नाव ‘निकृष्ट’ या अर्थानं कुणी वापरायला लावलं?

(अमेरिकी यादवी युद्धाची छायाचित्रं. गणवेशातले तरुण.)

1861. अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या फौजेला लाखो गणवेश हवे होते, तेही ताबडतोब. काही ठेकेदारांनी गिरणीचा केर कुटला, लाटला, खळीनं चिकटवला आणि शॉडी म्हणून सरकारच्या गळ्यात मारला. पावसात भिजल्यावर कोटांच्या चिंध्या झाल्या. सैनिक चिडले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि वर्षभरात ‘शॉडी’ हे विशेषण झालं. युद्धात गबर झालेल्या नवश्रीमंतांना ‘शॉडी अरिस्टॉक्रसी’ म्हणू लागले. लबाडी ठेकेदारांची होती. नाव गेलं ते चिंध्या निवडणाऱ्यांच्या मालाचं, आणि ते आजही आपल्या तोंडी आहे.

(पुन्हा पानिपत. उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारे तंतू.)

ही धूळ छातीत जाते. तेव्हा बॅटलीत जायची, आता इथे जाते. नाकावर ओढणी, बस्स.

(ट्रकमध्ये चढणारे ब्लँकेटचे गठ्ठे.)

भूकंप झाला, पूर आला, की मदत छावण्यांमध्ये वाटली जाणारी करडी, जाडीभरडी ब्लँकेटं वर्षानुवर्षं याच गावानं पुरवली. आता पॉलिएस्टरची मऊ, स्वस्त ब्लँकेटं आली आहेत आणि इथल्या कित्येक मालकांनी जुन्या लोकरीची यंत्रं बंद करून तोच धंदा धरलाय.