केसरबाईंच्या आधी वाजणारं वाद्य

मंडळी, नमस्कार.

मला दिलेला विषय होता, 'परंपरागत चिनी संस्कृती आणि आजचं जग'. तासाभरात एवढं सगळं मांडायला गेले, तर चहा, रेशीम, कागद, कन्फ्यूशियस अशी नुसती नावं घेऊन मी खाली बसेन आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी आज एकच वाद्य घेऊन आले आहे. त्या वाद्याकडे जाणारी वाट आपल्या गोव्यातून जाते, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन यानं अवकाशात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कधी काळी कुणा परक्या जिवाच्या हाती लागलीच, तर पृथ्वीवर कोण राहत होतं हे त्याला कळावं. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार घातले, त्यात आपली मराठीही आहे. आणि संगीताचे २७ तुकडे. त्या सत्तावीसांत भारतातून एकच: केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहां हो'. फोंडा तालुक्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतलेल्या केसरबाईंची ती साडेतीन मिनिटं. 'व्हॉयेजर-१' ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. मध्ये अकरा दिवस. हे सांगताना आजही मला भरून येतं.

इथल्या बहुतेकांना हे ठाऊक असणार. पण त्या तबकडीवर केसरबाईंच्या लगेच आधी काय वाजतं? मीसुद्धा कित्येक वर्षं हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. तिथे आहे 'ल्यू श्वेई', म्हणजे वाहतं पाणी. वाद्य गूछिन, वादक ग्वान पिंगहू, लांबी सात मिनिटं सदतीस सेकंद. हे पाणी थांबतं आणि आपल्या बाईंचा आवाज लागतो. पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरपेक्षाही लांब ही दोन माणसं एकमेकांना खेटून बसली आहेत, आणि इथे खाली आपण त्यांतल्या एकालाच ओळखतो. चीन म्हटलं की आपल्याला बासष्ट आठवतं, सीमेवरच्या बातम्या आठवतात, बाजारातल्या वस्तू आठवतात. सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांग पुलकेशीच्या राज्यात येऊन इथल्या माणसांचे स्वभाव टिपून गेला. ती परतफेड आपल्याकडून राहून गेली आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता वाद्य बघा. साधारण चार फूट लांब, अरुंद, एखाद्या फळीसारखं. वरची बाजू किंचित फुगीर, म्हणजे आकाश. खालची सपाट, म्हणजे जमीन. सात तारा. पडदे नाहीत. डावं बोट तार थेट लाकडावर दाबतं. लाकडावर हरणाच्या शिंगाची पूड मिसळलेल्या रोगणाचे थर चढवलेले असतात, आणि शतकं गेली की त्या रोगणाला बारीक तडे जातात. त्या तड्यांनाही नावं आहेत, त्यांच्यावरून वाद्याचं वय सांगतात. कडेने शिंपल्याच्या तेरा टिकल्या बसवलेल्या आहेत. बारा महिन्यांच्या बारा, आणि तेरावी कशाची? अधिक महिन्याची! चिनी पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना धरतात. ही तेरावी टिकली मला पहिल्यांदा कुणी समजावली, तेव्हा घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.

मी नोकरीच्या निमित्ताने बीजिंगला होते, तेव्हा वर्षभर हे वाद्य शिकले. शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. मी त्यांना लाओशी म्हणायची, म्हणजे आपण शाळेत 'बाई' म्हणतो तसं. मी सतार वाजवलेली, त्यामुळे हात बरा चालेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. उजव्या हाताच्या नखाने तार छेडायची आणि डावा अंगठा तारेवरून वर सरकवत न्यायचा. गूछिनचा आवाज आधीच लहान, त्यात दाबलेल्या तारेचा फार लवकर विरतो. आवाज विरला की मी अंगठा उचलायची. लाओशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपलं बोट माझ्या अंगठ्यावर ठेवलं आणि तो तसाच पुढच्या टिकलीपर्यंत ओढत नेला. सूर कधीच संपला होता. ऐकू येत होती ती फक्त रेशमाच्या तारेवर कातडी घासल्याची बारीक सरसर. पुन्हा छेड, पुन्हा तेच. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका संध्याकाळी अंगठा सरकत असताना, आवाज नसलेल्या त्या जागेत, मला पुढचा सूर स्वच्छ ऐकू आला. कानात नव्हता तो. पण होता.

तेव्हा मी मोठ्या उत्साहाने मनाशी म्हटलं, ही तर आपली मींड! आणि इथे मला तुम्हाला सावध करायचं आहे, कारण माझी स्वतःची फसगत झाली होती. परकं काही दिसलं की त्यात आपलं शोधायची आपल्याला घाई होते. त्या घाईने ओळख सुरू होते, हे खरं. पण तिथेच थांबलो तर समोरच्याचं म्हणणं ऐकायचं राहूनच जातं. आपली मींड रागाच्या चौकटीत एका सुरातून दुसऱ्यात जाते. ती ऐकू यावी म्हणून आपण तार खेचतो, आस टिकवतो. इथे सरकण्याचे, कापण्याचे, हेलकावण्याचे प्रकार वेगवेगळ्या नावांनी नोंदले आहेत आणि त्यांतले काही मुद्दाम ऐकू येण्याच्या सीमेपलीकडे नेलेले आहेत. मिंग घराण्याच्या काळातल्या, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकातल्या पोथ्यांमध्ये हाताची प्रत्येक ठेवण चित्र काढून दाखवली आहे. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला एखादा पक्षी किंवा प्राणी. तार न दाबता नुसती स्पर्शून जो घंटेसारखा सूर निघतो, त्याच्यासाठी चित्र आहे फुलावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराचं. बोट किती हलकं ठेवायचं हे याहून नेमकं कुणी कसं सांगणार?

आणि त्यांची लिपी! भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोणता सूर आणि तो कोणत्या मात्रेवर, हे दोन्ही लिहिलेलं असतं. गूछिनच्या लिपीत यांतलं काहीच थेट लिहिलेलं नाही. चिनी अक्षरांचे तुकडे घेऊन, आपण जोडाक्षर बांधतो तसं एक अक्षर बांधतात. त्यात डाव्या हाताचं कोणतं बोट, कितव्या टिकलीशी, उजव्या हाताचं कोणतं बोट, आत की बाहेर, कितवी तार, एवढं सगळं मावतं. सूर किती वेळ धरायचा, ते मात्र त्या अक्षरात नाही. ते गुरूकडून यायचं. गुरूची साखळी तुटली असेल, तर वादकाने पोथी पुढ्यात घेऊन बसायचं आणि लय आपली आपण शोधायची. या कामाला दा-पू म्हणतात, आणि त्याबद्दलची जुनी म्हण आहे, लहान रचनेला तीन महिने, मोठीला तीन वर्षं.

या कामातले मोठे माणूस म्हणजे आपले अवकाशातले शेजारी, ग्वान पिंगहू. जन्म १८९७. वडील चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, छिंगच्या दरबारात चित्रकार, स्वतः हेही चित्रं काढायचे. त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ज्या रचना पोथीतून उठवल्या, त्यांतली एक आहे 'ग्वांगलिंग सान'. तिची कथा अशी. जी कांग नावाचा तिसऱ्या शतकातला विचारवंत. राजकारणात त्याला देहदंड झाला. वधस्थानी त्याने सूर्याकडे बघून किती वेळ उरलाय ते पाहिलं, वाद्य मागून घेतलं, ही रचना वाजवली आणि म्हणाला, की आता ही संपली. ती संपली नाही. एका मिंग राजपुत्राने १४२५ साली छापलेल्या संग्रहात त्या नावाची पोथी उरली, आणि पाचशेहून जास्त वर्षांनी ग्वान पिंगहूंनी ती अक्षरं पुन्हा वाजती केली. जी कांगने त्या दिवशी वाजवलं ते नेमकं हेच, असं कुणी छातीठोक म्हणणार नाही. पण तीन वर्षं एका पोथीपुढे बसणं म्हणजे काय, हे मला समजतं.

तो काळ कसा होता? १९५६ मध्ये झा फूशी आणि त्यांच्या सोबत्यांनी चीनभर फिरून गूछिन वाजवणाऱ्यांची मोजदाद केली, ध्वनिमुद्रणं केली. एवढ्या मोठ्या देशात शंभर वादकही भरले नाहीत. ते फिरले नसते तर आज आपण काय ऐकलं असतं, याची कल्पना करवत नाही, कारण दहा वर्षांत सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं ते सगळं मोडायची माओंची मोहीम सुरू झाली. ग्वान पिंगहू १९६७ मध्ये गेले. आपलं वादन पृथ्वी सोडून जाणार आहे, हे त्यांना कळलंच नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणारे चिनी संगीतकार चौ वेन-चुंग यांनी सेगन यांच्या समितीला 'ल्यू श्वेई' सुचवली, म्हणून ती तबकडीवर आली.

ही रचना जिच्यातून आली असं मानतात ती गोष्ट चीनमध्ये शाळकरी पोरालाही येते. बो-या नावाचा वादक होता. वाजवताना त्याच्या मनात उंच डोंगर असला की ऐकणारा मित्र झोंग झीछी म्हणायचा, वा, थायशान पर्वतासारखं! मनात वाहतं पाणी असलं की म्हणायचा, वा, नद्या कशा भरून चालल्यात! झीछी मेला. बो-याने वाद्य फोडलं, तारा तोडल्या आणि पुन्हा आयुष्यात कधी वाजवलं नाही. तेव्हापासून चिनी भाषेत जिवाभावाच्या मित्राला शब्द आहे 'झी-यिन', सूर जाणणारा. या गोष्टीत वादकाइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच मान ऐकणाऱ्याला आहे, हे लक्षात घ्या. लोककथेने झीछीला लाकूडतोड्या केलंय, ते मला फार आवडतं.

ही रचना प्राचीन म्हणून सांगतात. १४२५च्या संग्रहात ती आहे, हे खरं. पण तुम्ही आता ऐकाल त्यात मध्यावर एक भाग येतो, उजव्या हाताची बोटं सातही तारांवरून गरागरा फिरतात आणि पाणी खडकांवर आदळायला लागतं. हा भाग जुन्या संग्रहात नाही. तो आला सिचुआनमधल्या झांग कोंगशान या एकोणिसाव्या शतकातल्या ताओपंथी साधूकडून आणि छापला गेला १८७६ मध्ये. म्हणजे जो तुकडा ऐकून सगळे 'काय हे प्राचीन चीन' म्हणतात, तो अल्लादिया खाँसाहेबांच्या ऐन तरुणपणी छापलेला. माझ्या मनात यामुळे त्याची किंमत वाढते. एका साधूला वाटलं, पाणी अजून पुरतं वाहत नाहीये, आणि त्याने ते वाहतं केलं.

आजची स्थिती एका दमात सांगते. २००३ मध्ये युनेस्कोने गूछिनच्या संगीताला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा मान दिला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात ते अख्ख्या स्टेडियमभर वाजलं. आता चीनमध्ये शिकणारी मुलं भरपूर आहेत. बहुतेक जण पोलादी तारा लावतात. त्या टिकतात, मोठ्याने वाजतात. मला मोठ्या मंचावरचं, ध्वनिक्षेपकातून फुगवलेलं गूछिन पटत नाही. एका खोलीत, एकाने एकासाठी वाजवायचं वाद्य आहे ते. पण एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. मी डोंबिवलीहून लोकलने जाताना कानात इअरफोन घालून ग्वान पिंगहूंना ऐकते, तेव्हा ती रेशमाची सरसर मला अगदी लाओशींच्या शेजारी बसल्यासारखी ऐकू येते. वाजवणारा एक, ऐकणारी एक. हे नवं यंत्र त्या जुन्या खोलीच्या किती जवळ गेलं आहे!

कन्फ्यूशियसची एक गोष्ट सांगून मी थांबते. ती इतिहासकार सिमा छ्येनने लिहून ठेवली आहे. कन्फ्यूशियस श्यांग नावाच्या वादकाकडे एक रचना शिकत होता. दहा दिवस झाले, गुरू म्हणाले, पुढची घेऊ. हा म्हणाला, चाल आली, हात बसला नाही. काही दिवसांनी गुरू म्हणाले, हात बसलाय, पुढे जाऊ. हा म्हणाला, आशय कळला नाही. आशय कळला, तर म्हणे, ज्याने ही रचली तो माणूस मला अजून दिसत नाही. आणि एके दिवशी तो विचारात गढून दूरवर बघत राहिला आणि म्हणाला, दिसला: सावळा, उंच, नजर दूरवर लागलेली, हा झौ घराण्याचा वेन राजाच! गुरू आसनावरून उठले आणि त्यांनी शिष्याला दोनदा नमस्कार केला. त्यांच्या गुरूंनी त्यांना त्या रचनेचं नाव तेच सांगितलं होतं.

मी वर्षभरात चालीपर्यंतच पोचले. बाकीचं तुमच्याबरोबर ऐकायला आले आहे.

मागचे पंखे जरा बंद करता का? आणि दारही ओढून घ्या, रस्त्याचा आवाज येतोय. आता मी तबकडीवरचा तोच क्रम लावते. आधी सात मिनिटं सदतीस सेकंद पाणी. सुरुवातीला सूर फार सुटे सुटे येतील, घाबरू नका. अंगठा सरकताना कान द्या. ते संपल्यावर मी मध्ये काही बोलणार नाही. लगेच केसरबाई येतील.